मोटार कुठे थांबलीच नाही

जुन्या गाड्यांचे फोटो काढताना मुख्य अडचण गाडीची नसते, पोटाची असते. कॅमेरा घेतला तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षीचे फोटो मी मोठ्या हौसेने घरी टीव्हीवर लावून दाखवले, तेव्हा बायको म्हणाली, "गाडी छान आहे, पण बंपरमध्ये हा कोण वाकून बसलाय?" क्रोमचा बंपर म्हणजे आरसाच. समोरचं सगळं त्यात दिसतं आणि जे जास्त जवळ असतं ते फुगून दिसतं. माझ्यात सगळ्यात पुढे काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्या वर्षीच्या प्रत्येक फोटोत एक देखणी गाडी होती आणि तिच्या बंपरमध्ये मी होतो, पोटापासून सुरू होऊन टकलापाशी संपणारा.

आमच्या नागपुरात थंडीच्या दिवसांत सदरकडच्या एका मैदानावर जुन्या गाड्या भरतात. मी विम्याच्या ऑफिसात काम करतो. वर्षभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, कुठे चेपली, किती चेपली ते लिहायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे कुठेही न चेपलेली गाडी दिसली की मला भरून येतं. दरवर्षी मी सकाळीच तिथे हजर असतो. पुढे पुढे मी बंपर चुकवायला शिकलो, काचेवरची चकाकी मारणारं फिल्टर घेतलं, आणि एक व्रतही घेतलं. फोटोत गाडी सोडून काही येऊ द्यायचं नाही. माणूस नाही, दोरी नाही, कचऱ्याचा डबा नाही. आम्हा फोटोवाल्यांच्या भाषेत याला क्लीन फ्रेम म्हणतात. ती मिळायला डोळ्याला कॅमेरा लावून थांबावं लागतं. सेल्फीवाले जातात, पोराला बॉनेटपाशी उभं करणारे बाप जातात, मग एका क्षणापुरती गाडी एकटी सापडते. एकदा मी एका बाईंना "जरा बाजूला होता का" म्हणालो, तर त्या गाडीच्या मालकाच्या सासूबाई निघाल्या.

बायकोचं या व्रताबद्दल एकच म्हणणं आहे. "यांच्या कॅमेऱ्यात यायचं असेल तर माणसाने चार टायर लावून घ्यावेत."

तर मागच्या थंडीत एका संध्याकाळी मी आदल्या वर्षीचे फोटो टीव्हीवर लावून बसलो होतो. आई खाली चटईवर तुरीच्या शेंगा सोलत होती. बाबा दिवाणावर कानटोपी घालून आडवे होते, म्हणजे झोपले आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. एक मोठी काळी गाडी आली, गोल दिव्यांची, फुगीर मडगार्डांची. मी पुढचा फोटो लावला तशी आई ओरडली.

"थांब थांब! मांगं घे."

मी मागे घेतला.

"हेच ते मोटार."

"कोणती?"

"कोणती काय गा? माह्या लग्नातली."

दिवाणावरून कानटोपीतून आवाज आला. "ते नोहे."

आईच्या लग्नातली मोटार हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण आहे. आई कुहीची. तिच्या वडिलांचा हातमाग होता आणि तिथल्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरचे धोतरजोडे, लुगडी त्यांच्याच मागावरची असत. कायद्याने मालगुजारी कधीच गेली होती, पण गावात ते मालगुजारच होते आणि त्यांच्याकडे एक काळी मोटार होती. आईच्या लग्नात वरात एसटीने गेली. निघायच्या वेळी मालगुजार म्हणाले, पोरीला मी मोटारीतून पाठवतो. सगळं वऱ्हाड एसटीने पुढे आलं आणि नवरानवरी, सोबत आईची लहान बहीण, मालगुजाराच्या ड्रायव्हरबरोबर मोटारीने निघाले. कुहीहून नागपुरात, आमच्या सक्करदऱ्याला.

इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. पुढे फाटा फुटतो. बाबांचं म्हणणं, वाटेत पाचगावच्या पुढे मोटार बंद पडली आणि त्यांनी ती मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत ढकलली. आईचं म्हणणं, मोटार कुठे थांबलीच नाही. "राणीसारखी आली मी सक्करदऱ्याले." लहानपणापासून आम्ही हे दोन्ही ऐकत आलो. "मग पुढे काय झालं?" असं बाबांना विचारलं की ते म्हणत, "पुढं का, पोहोचलो," आणि विषय संपवत. आणि आई त्याच वेळी हमखास काहीतरी कामासाठी आत जात असे.

पुरावा म्हणून एक फोटो आहे. मालगुजारांनी नागपूरहून फोटोग्राफर बोलावला होता, पण त्या गृहस्थाचं सगळं लक्ष मोटारीवर. फोटोत मोटारीचं पूर्ण तोंड आहे, मडगार्डावर हात ठेवून उभे असलेले मालगुजार आहेत, टोपी नीट करणारा ड्रायव्हर आहे आणि मागच्या खिडकीतून बाहेर आलेला कोपरापर्यंतचा एक हात आहे. चुडा भरलेला. फोटो काळापांढरा आहे, पण चुडा हिरवा आहे असं आई सांगते. त्या हातावर बोट ठेवून ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, "हे मी." लग्नाचा दुसरा फोटोच नाही. बाबा तर त्यात कुठेच नाहीत. ते पलीकडच्या बाजूला बसले होते म्हणे.

त्या फोटोग्राफरला आम्ही सगळे हसत आलो. मी जरा जास्तच.

तर त्या संध्याकाळी आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "या वर्षी मले घेऊन चाल. त्या मोटारीत बसलेला फोटू पायजे मले. पुरा. तोंडासकट."

"आई, तिथे गाडीत बसू देत नाहीत. हातसुद्धा लावू देत नाहीत."

"त्याहिले सांग, बाई याच मोटारीतून सासरी गेली."

"पण कशाला हवाय आता?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विम्याचा फॉर्म चुकीचा भरला आहे. "मेल्यावर कोणता लावशीन भिंतीवर? हाताचा? का आधार कार्डावरचा? त्याच्यात मी चोरी करून पकडल्यासारखी दिसतो. सगळे फोटू तू मोटारींचेच काढून राहिला. माहा एक तरी आहे का तुह्या कॅमेऱ्यात?"

मी आठवू लागलो. नव्हता. भाच्याच्या लग्नातला एक होता, पण त्यात आई सजवलेल्या गाडीच्या मागे होती आणि मी ती थोडी कापली होती.

बाबा दिवाणावरून म्हणाले, "ते गाडी नोहेच तर फोटू काढून का करतं?"

"तुमी झोपा," आई म्हणाली.

त्या रविवारी आम्ही चौघं निघालो. आईने करवतकाठी लुगडं काढलं होतं, जे ती फक्त लग्नकार्याला काढते. अंबाड्यात गजरा होता. हातात एक कापडी पिशवी होती. "पिशवीत काय आहे?" मी विचारलं. "काही नाही, लागते ते," ती म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. माझ्या डोक्यात लेन्स होती.

काळी गाडी सदरमधल्या दातांच्या एका डॉक्टरांची आहे. भला माणूस. रुग्णाच्या दातांपेक्षा बंपर जास्त घासतो, असं स्वतःच सांगतो. मी दरवर्षी त्यांच्या गाडीचे फोटो काढून पाठवतो, म्हणून ओळख. मी आईची हकिगत सांगितली. ते ऐकून डॉक्टर खूश झाले, पण म्हणाले, "काकू, गाडी मी रायपूरहून घेतली आहे. कुहीची असायची शक्यता..."

"मंग मालगुजारानं रायपूरलेच विकली असन," आई म्हणाली. तिचं त्या बाबतीत काम संपलं होतं.

डॉक्टरांनी एक विनंती केली. थोड्या वेळात परीक्षक येणार होते. रंग, चकाकी, आतलं सामान, इंजिन, सगळ्याला गुण. गाडी जागेवर चालू करून दाखवायची. बॉनेटवर बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. ते झालं की काकूंना खुशाल आत बसवू, हवे तेवढे फोटो काढू. त्यांनी स्वतः दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून आईबाबांना गाडीशेजारी, दोरीच्या आत बसवलं आणि चहा प्यायला गेले.

आणि मला कधी नव्हे ते दोरीच्या आत, सकाळच्या तिरप्या उन्हात, ती गाडी एकटी मिळाली. मी आईला म्हणालो, "दोन मिनिटं हं."

माझ्या दोन मिनिटांबद्दल घरात कोणाचंही चांगलं मत नाही. मी आधी समोरून काढले, मग गुडघ्यावर बसून दिव्यांचे काढले, मग मागच्या बाजूला जाऊन मातीत पालथा पडलो आणि बंपर चुकवून डिकीचा काढू लागलो. मागे एक गृहस्थ शेंगदाणे खात उभे होते, त्यांच्या जाण्याची वाट पाहत होतो. ते एकेक दाणा सोलून, फुंकर मारून खाणाऱ्यांपैकी होते.

बायकोची हाक आली. "अहो! इकडे या. लवकर."

मी उठून पुढे आलो. आईने काळ्याभोर, आरशासारख्या बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. पाण्यात कालवलेल्या हळदीचं, चांगलं तळहाताएवढं. त्यावर झेंडूचं फूल होतं. बंपरला कुंकवाची बोटं लागली होती. पुढच्या चाकाखाली लिंबू होतं. आई हात जोडून उभी होती आणि बाबा तिची पिशवी धरून उभे होते.

"आई, हे काय केलंस!"

"काय म्हणजे? पहिल्यांदा बसाचं तर पूजा नाही कराची? आपल्या घरी पूजेशिवाय गाडीत बसलं का कोणी?"

हे मात्र खरं आहे. आमच्याकडे सायकलसुद्धा हळदीकुंकवाशिवाय दारातून हललेली नाही. माझ्या पहिल्या स्कूटरवर बाबांनी काढलेलं स्वस्तिक ती विकली तरी गेलं नव्हतं. आईच्या हिशेबात तिने डॉक्टरांवर उपकार केले होते.

डॉक्टर चहाचा कप घेऊन आले आणि कप हातातच राहिला. परीक्षक दोघं पलीकडच्या गाडीपाशी पोहोचले होते. डॉक्टरांनी खिशातून मऊ पिवळं फडकं काढलं आणि ते बॉनेटवर वाकले.

"अगंबाई!" आई म्हणाली. "कुंकू पुसता?"

डॉक्टरांचा हात वरच थांबला. माणूस शिकलेला, पण आपल्यातलाच. त्यांच्या घरी बायको आहे, आई आहे. एका सवाष्ण बाईने लावलेलं कुंकू तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत पुसायचं, हे त्यांच्याच्याने होईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या लेन्सचं झाकण शोधू लागलो. बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पुसा तुमी. मले काही होत नाही." त्यावर आईने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते पाहून डॉक्टरांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "काकू, तुम्ही आता आतच बसा. जे व्हायचं ते झालं."

त्यांनी मागचा दरवाजा उघडला. आई लुगडं सावरून, पायरीवर उजवा पाय ठेवून आत गेली आणि खिडकीपाशी बसली. बाबांना तिने पलीकडून यायला सांगितलं. ते म्हणाले, "मी काहून बसू? मी त्या गाडीत बसलो कमी, ढकलली जास्त. आन् हे ते गाडी नोहेच." आणि ते खुर्चीवर बसून राहिले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काचेत सगळं आभाळ आलं होतं, आई दिसेना. डॉक्टरांनी काच खाली केली. आता आई दिसली, खिडकीच्या चौकटीत, पदर डोक्यावर घेतलेली, ओठ मिटून. पलीकडच्या खिडकीतून ते शेंगदाणेवाले गृहस्थ दिसत होते. मी थांबलो.

"काढला का?" आईने ओठ न हलवता विचारलं.

"थांब, मागे माणूस आहे."

"तो राहू दे."

"जाईल तो. एक मिनिट."

तो गेला नाही. परीक्षक आले.

परीक्षकांपैकी ज्येष्ठ होते ते टोपीवाले गृहस्थ, त्यांनी बॉनेटवरचं स्वस्तिक बराच वेळ पाहिलं. कागदावर काहीतरी लिहिलं. मग मागच्या सीटवर बसलेल्या आईला पाहून नमस्कार केला. आईनेही केला. "चालू करा," ते डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर पुढे बसले. सेल्फ मारला. गाडीने घसा खाकरला, अंगभर थरथरली आणि गप्प बसली. पुन्हा मारला. या वेळी नुसतंच खाकरली. तिसऱ्या वेळी तेवढंही केलं नाही. डॉक्टरांच्या कपाळावर भर थंडीत घाम आला. "सकाळी घरून चालवत आणली हो. खरंच. बॅटरी उतरली वाटतं."

तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. कानटोपी काढून खिशात घातली आणि स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

"आता पटलं मले," ते म्हणाले. "हेच ते गाडी."

बायको हसली. मीही हसणार होतो, पण आईकडे लक्ष गेलं आणि मला तिची अडचण दिसली. ही तीच मोटार असेल, तर ती बंद पडणारी मोटार होती, म्हणजे बाबा इतकी वर्षं खरं बोलत होते. आणि मोटार कुठे थांबलीच नसेल, तर ही ती नव्हे, मग आई एका परक्या गाडीत लुगडं नेसून बसली होती.

बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "बोल वं आता. हेच ते गाडी, का नाही?"

आई समोर पाहत राहिली. सीटवरून हात फिरवला. परीक्षक थांबले होते, डॉक्टर मागे वळून बघत होते.

"हेच आहे," ती म्हणाली. "ढकलली होती तुमी. झालं समाधान? ढकला आता."

डॉक्टरांनी गाडी गिअरला टाकली. मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला, कारण बाबा खरोखरच मडगार्डाला हात लावून वाकले होते आणि त्यांना या वयात एकट्याने ढकलू देणं बरं दिसलं नसतं. "बाबा, तुम्ही राहू द्या," मी म्हणालो. "तू तुहे फोटू काढ गा," ते म्हणाले. शेंगदाणेवाले गृहस्थ पुडी खिशात टाकून आले. टोपीवाले परीक्षकही कागद काखेत धरून आले. आम्ही सगळ्यांनी जोर लावला. चाकाखालचं लिंबू पचकन फुटलं. गाडी हळू, मग जरा जोरात, मग एक धक्का खाऊन, काळा धूर सोडून सुरू झाली आणि निघाली.

निघाली ती निघालीच. थांबवली तर पुन्हा बंद पडेल म्हणून डॉक्टर गाड्यांच्या रांगेमधल्या वाटेने तिला तशीच पुढे नेऊ लागले. बाबा हात पुढे धरलेल्या अवस्थेत जागेवरच राहिले. मी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होतो.

आणि मग आईचा आवाज आला. असा आवाज मी तिचा आयुष्यात ऐकला नव्हता, आणि शाळेत असताना मी तिचे बरेच आवाज ऐकले आहेत.

"थांबवा! अहो डॉक्टर, थांबवा! आमचे मांगं राह्यले! मांगं राह्यले ना आमचे!"

ती खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर आली होती, मागे वळून, डोक्यावरचा पदर पडलेला, एक हात बाबांच्या दिशेने लांब केलेला. मैदानावरचे सगळे लोक वळून बघत होते.

बाबा माझ्याशेजारी होते. ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी काहीच बोलली नव्हती ते."

"म्हणजे?"

तेव्हा पहिल्यांदा ते सगळं कळलं. पाचगावच्या पुढे गुरं आडवी आली म्हणून ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि मोटार बंद पडली. बाबांनी उतरून ढकलली. सुरू झाली. ड्रायव्हरला मालगुजारांनी बजावलं होतं की एकदा सुरू झाली की नागपूरपर्यंत थांबायचं नाही. तो थांबला नाही. नवरदेव मुंडावळ्यांसकट रस्त्यावर उभे. ते नंतर कोबीच्या ट्रकमधून आले.

डॉक्टर एक फेरी मारून आले होते. गाडी आमच्यापुढे घुरघुरत उभी होती. आईने बाबांचं बोलणं ऐकलं.

"मी काय बोलू?" ती खिडकीतून म्हणाली. "नवी नवरी. डायवर मालगुजाराचा. त्याले कशी म्हणू थांब म्हणून? तोंडातून आवाजच नाही निंघाला. वाटलं, तो पाहीन. आता पाहीन, आता पाहीन. सक्करदरा आलं."

"मग?" बायकोने विचारलं.

"मंग का? नवरदेव नाही तर माप कसं ओलांडाचं? दारात मोटारीतच बसून राह्यली. सगळी गल्ली इचारून राहिली, नवरा कुठी आहे, नवरा कुठी आहे. माही बहीण झोपलेली. मी खाली मान घालून बसली. हे आले ते कोबीच्या ट्रकातून. अंगाले कोबीचा वास." तिने पडलेला पदर डोक्यावर घेतला. "पण मोटार कुठी थांबली नाही म्हणत होती मी, ते का खोटं होतं?"

डॉक्टर म्हणाले, "काका, बसा आता. इंजिन बंद करत नाही." आई सरकली. बाबा बसले. गाडीने आणखी एक फेरी मारली आणि मी त्या फेरीचे भरपूर फोटो काढले. दोघं शेजारी, नाकासमोर बघत. क्लीन.

बक्षीस दुसऱ्या गाडीला मिळालं. हळदीमुळे की बॅटरीमुळे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. काही दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, बॉनेटवर स्वस्तिकाचा पिवळट डाग राहिला आहे, कशानेच निघत नाही, काकूंना काही उपाय माहीत आहे का. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याहिले म्हण, नशीबवान आहात."

मी माझे सगळे फोटो तिला टीव्हीवर दाखवले. ती एकेक बघत गेली. "चांगले आहेत," ती म्हणाली, "पण आधार कार्डावरच्यासारखेच आले."

मग बायकोने तिचा मोबाइल पुढे केला. तिने गाडी ढकलताना आणि नंतर जे मिळेल ते टिपलं होतं. बहुतेकांत माझी पाठच होती. एका फोटोत मात्र काळी गाडी तिरकी चालली आहे, अर्धी कापलेली. दोरी आहे, कचऱ्याचा डबा आहे, शेंगदाणेवाले गृहस्थ कमरेवर हात ठेवून हसताहेत, मागच्या बंपरमध्ये मी आहे, फुगलेला, वाकलेला. आणि खिडकीतून आई पूर्ण बाहेर आली आहे. पदर नाही, गजरा सुटलेला, तोंड उघडं, हात लांब. कडेला बाबांचे दोन हात आहेत, कोपरापर्यंत. बाकीचे बाबा चौकटीच्या बाहेर.

"हा," आई म्हणाली. "हा लावजा."

बाबांनी चष्मा लावून पाहिला. "हा? मेल्यावर? लोकं भेटाले येतील आन् हे भिंतीवरून ओरडून राहिली?"

"मंग? तुमी मांगं राह्यले तर ओरडाच लागन ना," आई म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

फोटो मोठा करायला दिला तेव्हा दुकानदाराने विचारलं, हे कडेचे हात आणि बंपरमधला माणूस काढून टाकू का, फ्रेम स्वच्छ होईल. मी नको म्हणालो. आता तो बैठकीत लावला आहे, चुड्याच्या हाताच्या शेजारी. मेल्यावर लावायचा तो आत्ताच कशाला, असं बाबा अधूनमधून म्हणतात. पण पाहुणे आले की दोन हातांवर बोट ठेवून आता तेच सांगतात, "हा मी."